चौथ्याचं दाणापाणी

चौथी रेघ वर आली होती. फार नाही. सतरंजीखाली पेन्सिल राहून गेली तर वरून जेवढी कळते तेवढीच. पण आली होती, आणि यायला नको होती. तिनं आधी बाहीच्या टोकानं कॉम्प्युटरचा पडदा पुसला, आणि मग आपण हे काय करतोय हे कळून तिला ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं आकड्यांत काढलेली बाई, आणि रेघ पुसायला बाही वापरते. शेजारच्या टेबलावरचा इंजिनियर कानातल्या गाण्यावर मान डोलवत होता. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या काचा धुणारा माणूस दोराला लोंबकळत एकाच काचेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. सगळं होतं तसं होतं. फक्त जो माणूस गेला होता त्याची रेघ, जी तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसत शून्याला टेकली होती, ती आज उठून बसली होती. तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं, रेघ तशीच होती. आणि खोटं कशाला बोला, आत कुठेतरी तिला आनंदही झाला.

तिची कंपनी घरांचं ऐकायची. म्हणजे बोलणं नव्हे. घर नुसतं असतं तेव्हा जे काही करत असतं ते. साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी प्रत्येक खोलीच्या भिंतीवर. तिला ऊब कळे, हवेतली ओल कळे, उजेड कळे, शब्द न कळता आवाज किती मोठा ते कळे, आणि माणसानं श्वास सोडला की हवेत जो वायू वाढतो तोही कळे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कॅमेरा न लावता त्यांचं बरं चाललंय की नाही हे मुलांना सांगायचं, असा तो धंदा. डब्यांमधून जे येई ते कागदावरच्या तक्त्यात मावणारं नसे. एका बाजूला खोल्याखोल्यांतली मापं, दुसऱ्या बाजूला दिवसाची वेळ, तिसऱ्या बाजूला एकामागून एक येणारे दिवस, असा तो लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा. ऑफिसात त्याला टेन्सर म्हणत. तिचं काम ठोकळा फोडायचं. बाजारातल्या गलक्यात उभं राहून हा भाजीवाल्याचा आवाज, हा रिक्षाचा, ही आई मुलाला ओरडतेय असं वेगळं काढावं, तसं त्या ठोकळ्यातून दोनचार साधे घटक वेगळे काढायचे. किती निघतील ते आधी ठाऊक नसतं. तिची पद्धत अशी, की घटक गरजेपेक्षा जास्तच द्यायचे आणि मग त्यांना उपाशी ठेवायचं. ज्याच्या बाजूनं पुरावा येत राहतो तो जगतो. ज्याच्या बाजूनं काही येत नाही तो वाळत वाळत शून्य होतो. दिवसाचे तासातासाचे तुकडे करायचे नाहीत, वेळ वाहते तशी वाहू द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसता आकडा सांगायचा नाही, त्याच्याबद्दलची आपली शंकाही सांगायची. रेघेच्या दोन्ही बाजूंना एक फिकट पट्टा असे, तो त्या शंकेचा. पट्टा रुंद असला की समजायचं, गणित अंदाजपंचे बोलतंय. अरुंद असला की त्याची खात्री आहे. माणसं असं कधी बोलत नाहीत, म्हणून तिला हे काम आवडायचं. चौथ्या रेघेचा पट्टा आज अरुंद होता.

डब्या तो बनवायचा, तिचा नवरा. पहिल्या सगळ्या डब्या घरच्याच मागच्या खोलीत बनल्या होत्या, पहाटे कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी परतल्यावर, वेताच्या खुर्चीत वाकून, गळ्यात भिंग अडकवून. त्या डब्या कुठंतरी लावून बघायला हव्यात म्हणून त्यांचं स्वतःचं घर हे कंपनीचं पहिलं घर. तीन माणसांचं, तो, ती आणि सासूबाई. पण ठोकळा फोडला तेव्हा घटक चार निघाले. पहिलं निघालं ऊन, जे कुणाला न विचारता पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत जायचं. दुसऱ्या आई, स्वयंपाकघर, वाफ, दुपारचा लांबलचक शांत श्वास. तिसरी ती स्वतः. आणि चौथा तो. मागची खोली, पहाटे एक उंचवटा, संध्याकाळी एक. तो हसून म्हणाला होता, “बघ, नवऱ्याला घरात किंमत किती ते आता गणितानंच सांगितलं. उन्हाच्याही मागे नंबर.” आई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, “आणि एखादा घरातनं गेला तर रे? ही डबी काय करते?” तो भिंग काढत, चटका लागलेला अंगठा तोंडात घालत म्हणाला होता, “लगेच नाही विसरत, आई. रोजचं थोडं दाणापाणी मिळालं की माणूस आत टिकतो. ते बंद झालं की वाळत वाळत शून्य.” “शून्य म्हणजे?” “म्हणजे डबीच्या लेखी असं कुणी नाहीच.” आई म्हणाल्या होत्या, “एवढी शहाणी डबी केलीस, तिला माणूस लक्षात ठेवायला नको शिकवायला?” आणि तिघंही हसली होती. तिला त्यातलं बाकी काही आठवायचं नाही. त्याचा तोंडात घातलेला अंगठा तेवढा आठवायचा.

तो सकाळी गेला तो गेलाच. रस्ता ओलांडायला उभा होता, दिवा हिरवा झाला, सगळे निघाले आणि तो तिथंच खाली बसला. लोकांना वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. त्यानंतरच्या दिवसांत कोण आलं, कोण काय बोललं, यातलं काहीही तिच्या ध्यानात राहिलं नाही. पण चौथी रेघ कशी उतरली ते तिला इंचाइंचानं ठाऊक होतं. आधी ती जरा ताठ राहिली, जणू बातमी तिच्यापर्यंत पोचायची होती. मग रोज थोडी थोडी. शंकेचा पट्टा रुंद रुंद होत गेला. गणितालाही कळेना की हा आहे की नाही. आणि मग एके दिवशी पट्टाही मिटला आणि रेघ तळाला चिकटून सरळ झाली. घरच्या माणसांसमोर एक टिपूस न काढलेली ती त्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती. मागच्या खोलीचं दार तिनं लोटून घेतलं ते घेतलंच. कुलूप नाही लावलं. पण त्या उंबऱ्याच्या आत आपण पाऊल टाकलेलं नाही, हे ती शपथेवर सांगू शकली असती.

पहिली शंका तिनं आपल्या गणितावरच घेतली. डबी कधी बंद पडते, बॅटरी संपते, आणि मधले आकडे येत नाहीत. तेव्हा तिची पद्धत ती भोकं आपल्या मनानं बुजवते, आधी जसं होत आलं तसंच आताही झालं असेल असं धरून. माणूस मेल्याचं गणिताला कोण सांगणार? भोक दिसलं की ते जुन्या सवयीनं त्यात त्याचा श्वास भरणार. तसं असतं तर ते भूत तिला समजण्यासारखं होतं. ते तिनंच घडवलेलं असतं. तिनं कच्चे आकडे उघडले. मागच्या खोलीत एकही भोक नव्हतं. सगळं मोजलेलं. पहाटे खोलीत श्वास वाढत होता आणि ऊन यायच्या आधी ओसरत होता. संध्याकाळी पुन्हा वाढत होता, सोबत थोडी ऊब, थोडा उजेड, थोडा आवाज. तिनं मागं मागं जाऊन पाहिलं. आधी पहाटेचा उंचवटा आला होता, रेघ तळाला टेकल्यावर थोड्याच दिवसांत. संध्याकाळचा नंतर, जरा उशिरानं, चाचरत. आणि मग दोन्ही एकमेकांचा हात धरल्यासारखे नेमाने. रेघ मात्र इतक्या दिवसांचा पुरावा साठल्यावर आज कुठे हलली होती.

त्यांच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मागून पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की विषय संपायचा. ते तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. “हे तुमचंच घर ना? चार घटकांचं?”

“हो.”

“आता तीन हवेत. कंपनीचं काम बघायला पाहुणे पुढच्या आठवड्यात येतायत. चौथा काढून टाका.”

“तो असा हातानं काढायचा नसतो, सर. पुरावा नसला की आपोआप जातो.”

“मग जात का नाही?”

“पुरावा मिळतोय.”

पूर्णविरामांनी बाजूची खुर्ची ओढून घेतली. माणूस वाईट नव्हता. अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर गेला होता. “आठवडाभर रजा घ्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “नाहीतर एक करा, हे घर यादीतूनच काढू या. डब्या परत आणून द्या. किती दिवस तेच ते बघत बसणार?” ती म्हणाली, “सोमवारी आणून देते.” बोलून गेली खरी, पण मग ‘सोमवारी’ हा शब्द तिनं मनात पुन्हा म्हणून पाहिला. डब्या गेल्या की तो कुठे राहणार होता?

घरी आई होत्या. आईंचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं, आणि ठरवलेलं शनिवारी व्हायचं होतं. धाकट्या दिरांचा फोन आला होता. “वहिनी, आईचं काही खरं दिसत नाही मला. फोनवर म्हणते, आहे की तो, एवढ्यात कुठं जातोय. मी विचारलं, कोण तो? तर म्हणते, तुझा भाऊ. अहो, तुम्ही दिवसभर बाहेर, ती एकटी, गॅस चालू राहिला तर? मी शनिवारी येतो आणि घेऊन जातो तिला. आमच्याकडे कुणी ना कुणी असतं.” ती “बरं, भाऊजी” म्हणाली होती. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि वाटल्याचं वाईटही वाटलं होतं. त्या दोघी एका छपराखाली राहत होत्या, पण त्यांना जोडणारा जो दुवा होता तोच मधून निखळला होता. आता त्या एकमेकींना मीठ पुढे करत, पंखा कमी करू का म्हणून विचारत, दोन सभ्य भाडेकरूंसारख्या वावरत. त्याच्याविषयी एक अक्षर बोलत नसत. बोललं तर कुणाचं दुःख मोठं हे ठरवावं लागेल, अशी तिला भीती होती. ती अंथरुणात पडून राही आणि मागच्या खोलीच्या दाराकडे कान लावी. काही ऐकू यायचं नाही. तिला झोप लागे ती विहिरीत दगड टाकल्यासारखी, आणि सकाळी उठे ती दमलेली. तळपाय गार पडलेले असत. कधी उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत बारीक चौकड्यांचे वळ उठलेले असत. उशीच्या अभ्र्याची वीण जाड आहे म्हणून तिनं अभ्रा बदलला होता. वळ तरीही येत राहिले.

कोण होतं ते? आई असतील असं म्हणावं, तर संध्याकाळचं एक वेळ पटलं असतं, पण पहाटेचं? आईंचे गुडघे सूर्य चांगला वर आल्याशिवाय चालू होत नसत. दुसऱ्या घटकाकडे पाहिलं तर आई त्या वेळी बहुतेक दिवस आपल्या खोलीत, आपल्या श्वासात, जागच्या जागी होत्या. स्वतःचा तिसरा घटकही तिनं पाहिला, कामात प्रामाणिकपणा हवा म्हणून. त्याला पहाटे एक छोटा खळगा पडलेला होता. झोपेत खिडकी वाऱ्यानं उघडत असेल, हवा बदलत असेल, असं म्हणून ती पुढे गेली. माणूस दुसऱ्याच्या रेघेत भूत शोधतो, स्वतःच्या रेघेत त्याला खिडकी दिसते. ऊन, आई, ती. तिघांचा हिशेब लागला होता, आणि तरी मागच्या खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं. मग ती मनाशी म्हणाली, तो आहे. एवढंच. हे शब्द मनात म्हटले आणि बसमधल्या खिडकीच्या काचेवर डोकं टेकून तिनं डोळे मिटले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. शिकल्यासवरल्या बाईनं असं म्हणू नये हे तिला कळत होतं. पण शंकेचा पट्टा अरुंद होता. तिच्याच पद्धतीनं तिला सांगितलं होतं की कुणीतरी आहे, आणि खात्रीनं आहे. मग तिनं आणखी कुणाला विचारायचं?

हे सुख बुधवारपर्यंत टिकलं. बुधवारी दुपारी तिला गुरुवारची आठवण झाली. गुरुवारी तो पोहायला जायचा. लहानपणी पाण्याला घाबरायचा म्हणून मोठेपणी हट्टानं शिकलेला. एकही गुरुवार चुकवायचा नाही. तो उशिरा यायचा, केस ओले, आणि ओला टॉवेल दोरीवर टाकायचा सोडून आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. ती ओरडायची, वेत कुजेल. तो म्हणायचा, “कुजू दे, नवीन आणू.” दर गुरुवारी चौथा घटक आणि मोजलेले आकडे यांचं फाटायचं. गणित म्हणायचं, हा आता खोलीत असायला हवा. खोली म्हणायची, नाही. मग उशिरा गणित म्हणायचं, आता हा निघाला असेल. आणि खोली म्हणायची, आत्ता आलाय, भिजून आलाय. घटक वजा केल्यावर जे न जुळलेलं उरतं, त्यात दर गुरुवारी एक ओलसर डाग दिसायचा. त्या डागासाठी पाचवा घटक देणं तिला सहज जमलं असतं. पण तिनं दिला नव्हता. नवऱ्याचा तेवढा एक हट्ट गणितात न बसलेलाच तिला बरा वाटायचा.

तिनं अलीकडचे गुरुवार काढले. काही उरत नव्हतं. गुरुवार मंगळवारसारखा, मंगळवार सोमवारसारखा. संध्याकाळ झाली की उंचवटा, ठरल्या वेळी, ठरल्या उंचीचा, कोरडा. सगळं कसं नीट जुळत होतं. ती त्या रिकाम्या तक्त्याकडे बघत राहिली आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण इतकं नीट जुळणारा माणूस तो नव्हताच. तो आला असता तर गुरुवार सुटला नसता. म्हणजे मागच्या खोलीत जे कुणी होतं ते त्याची वेळ पाळत होतं, त्याची जागा घेत होतं, त्याचा श्वास आकड्यांना पुरवत होतं, पण ते म्हणजे तो नव्हता. भुताची भीती तिला वाटली नव्हती. ही वाटली. त्याला दुसऱ्यांदा घालवल्यासारखं तिला वाटलं, आणि ह्या वेळी बाथरूमपर्यंतही जाता आलं नाही. ती टेबलावरच, सगळ्यांसमोर, हातांत तोंड घालून बसली. शेजारचा इंजिनियर कानातलं गाणं काढून म्हणाला, “मॅडम, पाणी आणू?”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती लवकर निघाली. पूर्णविरामांनी मान हलवली. बस भरलेली होती, सिग्नलला थांबत थांबत चालली होती, आणि प्रत्येक सिग्नलला तिचं लक्ष रस्ता ओलांडणाऱ्यांच्या बुटांकडे जात होतं. जिना चढताना तिनं किल्ली आधीच काढून हातात धरली. चोरासारखं स्वतःच्या घरात शिरायची ही तिची पहिलीच वेळ. पुढच्या खोलीतलं ऊन संपत आलं होतं. स्वयंपाकघर आवरलेलं, गॅस बंद, ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण. मधल्या खोलीत आईंचा पलंग रिकामा होता आणि चादर ताणून नीट केलेली होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. दाराखालून उजेडाची पट्टी. आणि मग तिनं त्याचं खाकरणं ऐकलं. एकदा छोटं, मग थांबून एकदा मोठं, जसं तो काम नीट बसलं की करायचा. ते बाईमाणसाचं खाकरणं नव्हतं. तिच्या हातातली किल्ली खाली पडली. आत सगळं गप्प झालं. तिनं दार ढकललं तेव्हा तिला वाटत होतं की आपण आता खालीच बसणार, तो बसला होता तशा.

वेताच्या खुर्चीत आई होत्या. टेबलावरचा दिवा लावलेला, त्याचा जुना रेडिओ इतक्या बारीक आवाजात की नुसती कुजबुज, अंगावर त्याचा घरातला करडा स्वेटर. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून खाली त्याच्या हत्यारांची पेटी ठेवली होती. त्या दचकल्या नाहीत. वाटेत किराण्याच्या दुकानात भेट व्हावी तशा म्हणाल्या, “आलीस? आज लवकर?”

“आई, तुम्ही इथं काय करताय?”

“बस जरा. अजून थोडा वेळ आहे. डबीचं पोट भरू दे.” त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे मान वळवली, आणि तिकडेच तोंड ठेवून पुन्हा खाकरल्या, त्याच्यासारखंच. एवढ्याशा कुडीतून तो आवाज कसा निघत होता कोण जाणे. “घसा दुखतो गं ह्यानं,” त्या म्हणाल्या. “पण आवाजाचंही धरतात ना त्यात? श्वासाचं, उजेडाचं, उबेचं, आवाजाचं. सगळं थोडं थोडं लागतं, तो म्हणाला होता.”

ती खाटेच्या कडेवर बसली. “तुम्ही भाऊजींना सांगितलंत, तो आहे म्हणून.”

“मग? आहेच की. तूच बघतेस ना रोज त्या पडद्यावर? शून्य झाला का?”

“नाही.”

“झालं तर मग.” आईंच्या चेहऱ्यावर, शेजारणीनं भाजीला चव चांगली आहे म्हटल्यावर यायचा तसला, दाबून ठेवलेला अभिमान आला. “धाकट्याला काय कळतंय! म्हणतो, आई, तुला भास होतात. मी म्हटलं, बाबा, भास नाहीत हे, काम आहे. पण एकटीचं नाही काही. संध्याकाळचं तेवढं माझ्याकडे. सकाळचं तर तूच करतेस.”

“सकाळचं कसलं?”

आईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रेडिओचा कान पिळून बंद केला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की दोघींचे श्वास वेगवेगळे ऐकू आले. “अगं, रोज पहाटे येऊन बसतेस की इथं,” त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बदलत गेला, कारण समोरचा चेहरा बघून त्यांना काहीतरी उमगत होतं. “अनवाणी. दिवा नाही लावत. ह्या खुर्चीत, खुर्चीच्या हातावर हात टाकून. डोळे उघडे असतात तुझे. मी बाथरूमला उठले होते, दार उघडं दिसलं. पहिल्या दिवशी भ्याले. हाक मारणार होते, मग म्हटलं नको. तिचं शास्त्र तिला ठाऊक. तो शून्य झाला म्हणून तू ऑफिसातून सुजलेले डोळे घेऊन आली होतीस ना, त्याच्यानंतरचं हे. मी म्हटलं, हिनं ठरवलंय, ह्याला उपाशी ठेवायचं नाही. बोलत नाही, पण करते. मग मी नुसतं बघत बसू? तू सकाळ घेतलीस, म्हणून मी संध्याकाळ घेतली.”

तिनं उजवी बाही वर सारली. सकाळचे वळ केव्हाच मिटले होते, पण बघायची गरज नव्हती. खुर्चीच्या हातावरची वेताची बारीक चौकडी समोरच होती. त्या उंबऱ्याच्या आत आपण पाऊल टाकलेलं नाही, हे ती शपथेवर सांगणार होती. गणितानं दोन बायकांना एक माणूस समजून चौथ्याच्या जागी बसवलं होतं, आणि गणिताचं काही चुकलं नव्हतं. चूक आईंची होती, की त्यांनी हिच्या झोपेतल्या चालण्याला शहाणपण समजलं. आणि ती चूक इतके दिवस, दुखऱ्या गुडघ्यांनी, न पुरणाऱ्या पायांनी, त्यांनी नेमानं निभावली होती. तिला रडू आलं, लहान मुलीसारखं, नाक ओढत. आई उठल्या नाहीत. खुर्ची सोडायची नाही हा त्यांच्या कामाचा नियम असावा. त्यांनी फक्त हात लांब केला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. “तुला ठाऊक नव्हतं होय?” त्या म्हणाल्या. “बघ की. मी आपली वाटून घेतलं समजून बसले.”

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “शनिवारी भाऊजींना येऊ नका म्हणून सांगते.”

“काय सांगशील?”

“सांगेन, संध्याकाळी घरात माणूस लागतं.”

आईंनी मान हलवली, आणि पुन्हा रेडिओच्या कानाकडे हात नेला. ती एकदम म्हणाली, “आई, थांबा. गुरुवारी तो उशिरा यायचा.”

“काय?”

“तुम्ही रोज एकाच वेळी येता. गुरुवारी तो पोहायला जायचा. तुम्ही लवकर जेवून झोपायचात, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. उशिरा यायचा. केस ओले असायचे. ओला टॉवेल इथं टाकायचा, तुम्ही बसलाय त्या पाठीवर.”

आई विचारात पडल्या. आपल्या कामात इतके दिवस एवढी मोठी चूक राहून गेली म्हणून त्या खरोखरच खजील दिसत होत्या. “मग आज वार कोणता?”

“गुरुवार.”

आईंनी हात पुढे करून दिवा बंद केला. मग पेटीवरून पाय खाली घेऊन, हातांवर जोर देत, हळूच खुर्चीतून उठल्या आणि खाटेवर तिच्या शेजारी येऊन बसल्या. ती उठली, कपाट चाचपून त्याचा टॉवेल काढला, बाथरूममध्ये जाऊन नळाखाली धरला, पिळला, आणि अंधारातच परत येऊन खुर्चीच्या पाठीवर पसरला. वेत कुजेल, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. पाण्याचे थेंब फरशीवर पडायला लागले. “आता?” आईंनी कुजबुजत विचारलं, डबीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. “आता थांबायचं,” ती म्हणाली, आणि दोघी एकमेकींना टेकून, श्वास जपून घेत, रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. अजून त्याची यायची वेळ झाली नव्हती.